थकवा किती? एमएसमधला न दिसणारा त्रास मोजतात कसा

सकाळी दहापर्यंत सगळं ठीक असतं. डबे गेलेले असतात, ऑफिसचं पहिलं काम हातावेगळं झालेलं असतं. दीडच्या सुमाराला मात्र नळाचं पाणी जावं तसं अंगातलं त्राण जातं. समोरच्या ईमेलमधलं वाक्य तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. रात्रीची झोप झालेली असते, हिमोग्लोबिन व्यवस्थित असतं आणि चालण्यात कुणाला काही खोट दिसत नाही. घरचे म्हणतात, "अगं, दमतो तर आम्हीही." तीन महिन्यांनी न्यूरोलॉजिस्ट विचारतात, "थकवा कसा आहे?" ती म्हणते, "खूप आहे." फाइलमध्ये एक शब्द उमटतो, 'थकवा', आणि पुढे अधिकचं चिन्ह.

ही बाई मी कल्पनेतली घेतली आहे. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या कुणालाही विचारा, हा प्रसंग त्यांना नवा वाटणार नाही. 'खूप' म्हणजे किती? गेल्या खेपेपेक्षा जास्त की कमी? गोळी सुरू केल्यावर फरक पडला की नाही? एका अधिकच्या चिन्हातून यातलं काहीच कळत नाही. मग हा थकवा मोजतात तरी कसा?

आधी आजाराबद्दल थोडक्यात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्या आवरणावर उठते. जिथे आवरण जातं तिथे संदेश रेंगाळतात, अडखळतात, कधी पोचतच नाहीत. जगभरात सुमारे २९ लाख लोकांना हा आजार आहे. बहुतेकांना तो ऐन उमेदीत, विशीपासून चाळिशीपर्यंतच्या काळात गाठतो आणि बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. एमएस असलेल्या चारांपैकी किमान तिघांना थकव्याचा त्रास असतो. नोकरी सोडावी लागण्याच्या कारणांमध्येही थकवा अगदी वर असतो, अनेकदा चालण्याच्या अडचणीच्या बरोबरीने.

आता शब्द बघा. मराठीत दमण्यासाठी शब्दांची ददात नाही. दमणूक जिना चढल्यावर येते आणि पाच मिनिटं टेकलं की जाते. शीण प्रवासाचा. मरगळ पावसाळी दुपारची. पेंग जेवणानंतरची, अशक्तपणा तापातून उठल्यावरचा, कंटाळा मनाचा आणि आळस दुसऱ्याचा. एमएसचा थकवा यांतला एकही नाही, तरी थोडाथोडा सगळ्यांसारखा आहे. तिथेच मोजणाऱ्याची पंचाईत सुरू होते.

ही पंचाईत एमएसच्याही आधीची आहे. इटलीत तुरीन इथे आंजेलो मोसो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. हात पट्ट्याने जखडायचा, मधल्या बोटाला दोरीने वजन बांधायचं आणि ठरावीक तालात ते बोट वाकवत राहायचं. बोट दमत जातं तसतशी कागदावरची रेघ खाली येते. दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांचं बोट लवकर दमतं, असंही त्यांना दिसलं. म्हणजे डोक्याचा थकवा बोटात उतरतो. १८९१ मध्ये त्यांनी या सगळ्यावर पुस्तकही लिहिलं, आणि आता थकव्याचं यंत्र सापडलंच असा अनेकांचा समज झाला. तीस वर्षांनी, १९२१ मध्ये, बर्नार्ड मुशियो या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहून सरळ विचारलं : थकव्याची चाचणी शक्य तरी आहे का? त्याचा निष्कर्ष होता, नाही. थकवा म्हणजे नेमकं काय यावरच एकमत नसताना तो मोजणार कसा? हा शब्द शास्त्रीय चर्चेतून हद्दपारच करावा, असं त्याने सुचवलं.

शब्द हद्दपार झाला नाही, कारण थकवा झाला नाही.

मुशियोची अडचण शास्त्रज्ञांनी पुढे एका विभागणीने सोडवली. त्यांनी थकव्याचे दोन भाग केले. एक, करताकरता कामगिरी घसरणं. हे बाहेरून मोजता येतं. सहा मिनिटं चालायला लावायचं आणि पहिल्या मिनिटात किती अंतर गेलं व सहाव्यात किती, याची तुलना करायची. डोक्यासाठी दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकवायचा आणि तो आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर सांगायला लावायचं. (करून बघा. निरोगी माणसालाही घाम फुटतो.) सुरुवातीची आणि शेवटची उत्तरं ताडून पाहिली की घसरण कळते. दुसरा भाग म्हणजे माणसाला आतून जे वाटतं ते. एमएसच्या तज्ज्ञांनी १९९८ मध्ये केलेली व्याख्या यावरच बेतलेली आहे : शरीराची किंवा मनाची ताकद कमी पडते आहे, आणि त्यामुळे नेहमीची किंवा करावीशी वाटणारी कामं अडतात, अशी व्यक्तीला स्वतःला किंवा तिची काळजी घेणाऱ्याला होणारी जाणीव.

गंमत अशी, की या दोन्हींचा मेळ फारसा बसत नाही. सहा मिनिटं एका वेगाने चालणारी बाई 'मी मेलेय' म्हणू शकते, आणि ज्याचा वेग निम्म्यावर आला तो 'ठीक आहे की' म्हणू शकतो. एमआरआयचीही तीच कथा. पांढरे ठिपके (आवरण गेल्याच्या खुणा) जास्त म्हणजे थकवा जास्त, असं साधं गणित नाही. रक्ताच्या तपासणीत दिसेल असं खात्रीचं चिन्हही नाही. म्हणजे तापाला जसा थर्मामीटर तसं थकव्याला काही नाही. थकलेल्या माणसाला विचारणं एवढाच मार्ग उरतो. आणि विचारायचंच आहे, तर दर वेळी तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तेच पर्याय देऊन विचारायचे. प्रश्नावली म्हणजे एवढंच. कागदावर छापलेली ती फूटपट्टी आहे.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी फूटपट्टी आहे फटीग सिव्हिरिटी स्केल. लॉरेन क्रुप आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात नऊ विधानं आहेत. थकव्यामुळे माझ्या जबाबदाऱ्या पार पाडण्यात अडथळा येतो, मला पटकन थकवा येतो, माझ्या सगळ्यात त्रासदायक तीन लक्षणांत थकवा आहे, अशा धर्तीची. प्रत्येकापुढे १ ते ७ पैकी एक आकडा लिहायचा. अजिबात पटत नसेल तर १, पूर्ण पटत असेल तर ७. उत्तरं गेल्या आठवड्याच्या अनुभवावरून द्यायची.

आपल्या कल्पनेतल्या बाईने ६, ७, ६, ५, ६, ४, ७, ६, ६ असे आकडे लिहिले, तर बेरीज ५३. नऊने भागलं की ५.९ येतात. सर्वसाधारणपणे सरासरी ४ किंवा जास्त आली तर थकवा दखल घेण्याजोगा मानतात. क्रुप यांच्या मूळ अभ्यासात निरोगी लोकांची सरासरी २.३ होती आणि एमएस असलेल्यांची ४.८. हा अभ्यास लहान होता, एमएसचे जेमतेम २५ रुग्ण. तरी आकड्यांमधली दरी नजरेत भरण्यासारखी होती.

नऊ प्रश्न दोन मिनिटांत भरून होतात, म्हणून हा फॉर्म लाडका आहे. त्यात खोटही आहे. एक विधान व्यायामाने थकवा येतो का, असं विचारतं. जिने थकव्याच्या भीतीने व्यायाम केव्हाच सोडला आहे तिने काय लिहावं? शिवाय हे प्रश्न बरेचसे शरीराकडे झुकलेले आहेत. ईमेलमधलं वाक्य तिसऱ्यांदाही डोक्यात शिरत नाही, हे सांगायला इथे धड जागा नाही.

ती जागा दुसऱ्या एका फॉर्ममध्ये आहे. त्याचं नाव मॉडिफाइड फटीग इम्पॅक्ट स्केल. आधीच्या ४० प्रश्नांच्या लांबलचक यादीतून निवडलेले यात २१ प्रश्न आहेत, काळ गेल्या चार आठवड्यांचा. 'कधीच नाही'ला ०, 'जवळजवळ नेहमी'ला ४. शरीराचे ९ प्रश्न, लक्ष-स्मरण-विचार यांचे १०, आणि माणसांत मिसळण्याचे २. एकूण गुण ८४ पैकी. ३८ किंवा त्यापुढे गेलं की थकवा लक्षणीय समजायचा, असा रिवाज आहे.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. समजा दोन रुग्णांचे गुण ४० आले. एकाचे शरीराचे ३०, डोक्याचे ६ आणि उरलेले ४. दुसरीचे शरीराचे ८, डोक्याचे ३०, उरलेले २. पहिला बसून हिशेब तपासू शकतो, पण बसस्टॉपपर्यंत जाऊ शकत नाही. दुसरीचं बरोबर उलट. दोघांच्या फाइलीत ४०. बटाटे आणि बांगड्या एका तराजूत घालून वजन सांगावं, तसं हे झालं. संख्याशास्त्रज्ञांनीही या प्रश्नावलीची बारकाईने छाननी करून जवळपास हेच म्हटलं आहे : शरीराचे आणि डोक्याचे गुण वेगवेगळे वाचा, एकत्र करू नका. तरी बहुतेक संशोधनात बेरीजच छापली जाते. आणखी एक. ० वरून १ वर जाणं आणि ३ वरून ४ वर जाणं ही अंतरं सारखी आहेत, असं बेरीज करताना आपण गृहीत धरतो. 'कधीच नाही'पासून 'क्वचित' आणि 'अनेकदा'पासून 'जवळजवळ नेहमी' हे खरंच सारखं पाऊल आहे का?

त्यानंतरचा गुंता म्हणजे थकव्याच्या वेशात येणारे इतर पाहुणे. एमएसमध्ये लघवीवर ताबा कमी होतो, त्यासाठी रात्री चारदा उठलं की दिवसा डोळे मिटतात. ही झोपेची उणीव झाली. ती वेगळी काढायला एपवर्थ स्केल वापरतात. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधले डॉक्टर मरे जॉन्स यांनी ते १९९१ मध्ये तयार केलं. वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, असे त्यात आठ प्रसंग आहेत. एमएसचा अस्सल थकवा असलेली व्यक्ती अनेकदा सांगते, "झोप नाही हो येत, नुसतं गळून जायला होतं." पेंग आणि गळून जाणं, हा मराठी भेद इथे नेमका कामाचा आहे. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनसारख्या गोळ्याही सुस्ती आणतात. थायरॉइड आणि रक्तक्षय आहेतच, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय किती सर्रास आहे ते सांगायला नको. नैराश्याचा तर आणखी पेच आहे. नैराश्य मोजण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत 'दमल्यासारखं वाटतं का' हा एक प्रश्नच आहे. म्हणजे निव्वळ थकलेल्या माणसालाही नैराश्याचे गुण मिळतात, आणि निराश माणसाला थकव्याचे. म्हणून शहाणे डॉक्टर एकाच आकड्यावर निदान करत नाहीत. ते फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचतात.

ऋतूचाही परिणाम होतो. शरीर तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, याला उथॉफची घटना म्हणतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये, श्रमानंतर रुग्णांची नजर काही वेळ अंधुक होते, असं नोंदवलं होतं. एमआरआय येण्याआधी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून बघत असत. आपल्याकडे टबाची गरज नाही, अकोल्याचा मे महिना पुरे. पण त्यामुळे मे महिन्यात भरलेला फॉर्म डिसेंबरमधल्या फॉर्मशी ताडून 'औषधाने गुण आला' म्हणणं धोक्याचं आहे.

औषधांचा विषय निघालाच आहे, तर या फूटपट्ट्या किती महत्त्वाच्या आहेत हे दाखवणारा एक प्रयोग बघू. एमएसच्या थकव्यावर अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही औषधं डॉक्टर वर्षानुवर्षं देत आले आहेत. अमेरिकेत दोन केंद्रांमध्ये १४१ रुग्णांवर यांची कसून परीक्षा झाली, निकाल २०२१ मध्ये आला. प्रत्येक रुग्णाला ही तिन्ही औषधं आणि एक नुसती, औषध नसलेली गोळी, अशा चार पाळ्या द्यायचं ठरलं होतं. कोणती पाळी कशाची, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. फूटपट्टी होती वर सांगितलेली २१ प्रश्नांची. सुरुवातीला सरासरी गुण ५१.३. अमँटाडिनवर ४१.३, मोडाफिनिलवर ३९.०, मिथाइलफेनिडेटवर ३८.६. वा! दहा-बारा गुणांची उतरण. आणि नुसत्या गोळीवर? ४०.६.

औषध आणि नकली गोळी यांच्यात सांगण्यासारखा फरकच नव्हता. दुष्परिणाम मात्र खऱ्या औषधांवर जास्त होते. मग ते दहा गुण उतरले कशाने? थोडी आशा, थोडं लक्ष पुरवलं गेल्याचं समाधान, आणि थोडं साधं गणित. प्रयोगात घेताना ३३ पेक्षा जास्त गुण असलेलेच निवडले होते. माणूस वाईट आठवड्यात असा फॉर्म भरतो, निवडला जातो, आणि पुढचा आठवडा आपसूक जरा बरा निघतो. २०२४ मध्ये आलेल्या ३४३ जणांच्या दुसऱ्या एका प्रयोगात मोडाफिनिल, फोनवरून दिलेली विचार-वर्तन उपचारपद्धती (बोलण्यातून विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार) आणि दोन्ही एकत्र, अशी तुलना झाली. तिन्ही गटांत गुण सुमारे १५ ते १७ ने उतरले. ही बातमी म्हणून छान दिसते. पण त्यात नकली गोळीचा गट नव्हता, हे आधीचा प्रयोग माहीत असलेल्याच्या लगेच ध्यानात येईल. तरीही माझं झुकतं माप बोलण्याच्या उपचाराला आहे. गोळीइतकाच गुण आणि दुष्परिणाम कमी असतील, तर निवड अवघड नाही.

मग किती गुण उतरले म्हणजे खरंच बरं वाटलं म्हणायचं? यासाठी रुग्णांनाच विचारतात : मागच्यापेक्षा बरं वाटतं का? जे 'थोडं बरं' म्हणतात त्यांचे गुण कितीने बदलले ते बघायचं. २१ प्रश्नांच्या फॉर्मसाठी हा आकडा साधारण ४ च्या आसपास येतो. एका-दोन गुणांच्या चढउताराने खट्टू होऊ नये आणि हरखूनही जाऊ नये.

थकवा हा एक तुकडा झाला. सगळं आयुष्य कसं चाललंय, हे मोजायचं तर?

एमएसच्या जगात अनेक दशकं अपंगत्व मोजणाऱ्या एकाच मोजपट्टीचं राज्य आहे, ईडीएसएस. अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट जॉन कर्ट्झके यांनी १९५५ मध्ये तिचं पहिलं रूप मांडलं आणि १९८३ मध्ये सुधारून वाढवलं. ० म्हणजे तपासणी पूर्ण नॉर्मल, १० म्हणजे एमएसने मृत्यू. ४ च्या पुढे तिचा जवळपास सगळा भर चालण्यावर. ६ म्हणजे शंभर मीटर चालायला काठी लागते, ७ म्हणजे बहुतेक वेळ व्हीलचेअर. डॉक्टरला हे सोयीचं आहे, कारण चालणं दिसतं. आपली दीड वाजता गळून जाणारी बाई या पट्टीवर २ ला असेल. कागदोपत्री तिचं उत्तम चाललंय.

एडिंबरामध्ये पीटर रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक साधा अभ्यास केला. तुमच्या दृष्टीने तब्येतीच्या कोणत्या बाजू सगळ्यात महत्त्वाच्या, असं त्यांनी एमएसच्या ४२ रुग्णांना आणि डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी शारीरिक अपंगत्वाला जितकं वजन दिलं, तितकं रुग्णांनी दिलं नाही. रुग्णांना मन, भावनिक कारणांनी अडणारी कामं आणि अंगातली तरतरी हे जास्त महत्त्वाचं वाटत होतं. म्हणजे डॉक्टर पाय मोजत होते आणि रुग्ण उमेद.

ही दरी भरायला १९९५ मध्ये एमएसक्यूओएल-५४ ही प्रश्नावली आली होती. सर्वसामान्य आजारांसाठीचे आधीचे ३६ प्रश्न तिने तसेच घेतले आणि एमएससाठी १८ वाढवले : विचारशक्ती, आजाराचं दडपण, कामजीवन वगैरे. शेवटी शरीराचा एक आकडा आणि मनाचा एक आकडा निघतो. इथे निदान दोन आकडे वेगळे ठेवलेत. दुसऱ्या टोकाला ईक्यू-५डी आहे. तिच्यात फक्त पाच प्रश्न आहेत : हालचाल, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना, चिंता-नैराश्य. शेवटी ० ते १०० च्या उभ्या पट्टीवर एक खूण. एखादं औषध त्याच्या किमतीला परवडतं का, हे ठरवताना अनेक देशांत हिचाच आधार घेतात. आता पुन्हा ती पाच नावं वाचा. थकवा त्यांत नाही. ज्या औषधाने फक्त थकवा कमी होईल, त्याचा फायदा या पट्टीवर नीट उमटेलच असं नाही. हा बारीकसारीक तांत्रिक मुद्दा नाही, पैशाचा मुद्दा आहे.

माणूस स्वतःही बदलतो, हे वेगळंच. आजार झाल्यावर पहिल्या वर्षी जिला आयुष्य ४० वाटत होतं, तीच पाच वर्षांनी, काठी हातात आल्यावर, ७० वर खूण करते. ती खोटं बोलत नाही. तिने दुपारची झोप ठरवून घेतली, स्वयंपाक सकाळी उरकायला सुरुवात केली, चार नको ती माणसं सोडली. फूटपट्टी तीच, पण मोजणारीच्या मनातला 'शंभर' सरकला आहे. संशोधक याला निकषांचं सरकणं म्हणतात आणि वैतागतात. मला ही वैतागायची गोष्ट वाटत नाही, पण मोजमापात तिची आठवण ठेवावी लागते खरी.

भाषांतराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. एमएसक्यूओएल-५४ मधल्या त्या ३६ मूळ प्रश्नांमध्ये मध्यम श्रमांची उदाहरणं आहेत : टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ. सांगलीच्या गृहिणीने याचं काय करावं? म्हणून चांगल्या भाषांतरात नुसते शब्द फिरवत नाहीत. एक जण भाषांतर करतो, मूळ न पाहिलेला दुसरा ते उलट इंग्रजीत नेतो, दोन्ही ताडतात, आणि मग खऱ्या रुग्णांसमोर बसून विचारतात, "हा प्रश्न वाचून तुमच्या मनात काय आलं?" कपडे वाळत घालणं, जमिनीवर मांडी घालून बसणं आणि हात न टेकता उठणं, पिंप भरणं, लोकलमध्ये चढणं, हे आपले श्रम. आणि 'थकवा' की 'गळून जाणं', हा निर्णयही तिथेच व्हायला हवा.

तुमच्या हातात असा फॉर्म आला, तर काही गोष्टी सांभाळा. दर वेळी शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला भरा, कारण सकाळची तुम्ही आणि दुपारची तुम्ही वेगळी उत्तरं द्याल. चार आठवड्यांचं विचारलं असलं, तरी मन कालचंच सांगतं. म्हणून महिनाभर कॅलेंडरवर रोज ० ते १० पैकी एक आकडा टिपून ठेवा, शेजारी झोप कशी झाली आणि ऊन किती होतं तेही. नवी गोळी कधी सुरू झाली, तारीख लिहा. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच आहे. आणि फॉर्म एकटीने भरा. ओपीडीत नवरा किंवा सासूबाई शेजारी बसलेल्या असतात आणि "तसं काही नाही डॉक्टर, करते ती सगळं" असं कौतुकानेच म्हणतात. ते ऐकलं की पेन 'जवळजवळ नेहमी'वरून उचलून 'कधीकधी'वर टेकतं.